तैस्ता बोटीतला बावीस बाह्यांचा पाइप

मी पाइप बोलतोय. पाण्याचा नव्हे, धुराचा तर नव्हेच. 'तैस्ता' बोटीतला गरम हवेचा पाइप! ही बोट माझ्या जिवावर आहे. मी श्वास सोडला तर आतली माणसं जगतात, मी श्वास धरला तर काकडून मरतात.

बरं, खरं सांगून टाकतो. श्वास माझा नाही. तो मागच्या पायऱ्यांखाली बसलेल्या डिझेलच्या हीटरचा. मी नुसता पोकळ. एका तोंडाने घ्यायचं, दुसऱ्या तोंडाने द्यायचं, आणि मधल्यामध्ये श्रेय लाटायचं. असे लोक तुमच्याकडेही असतील. फरक एवढाच, की त्यांना बसायला खुर्ची असते आणि मला छताखाली टांगलेलं असतं.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, तिच्या पाठीला कागद, आणि गोल गोल वळवणारं एक यंत्र. पेटीच्या भात्यासारखा मी आखडतो आणि ताणला की लांब होतो. शिक्षण म्हणाल तर दुकानाच्या फळीवर झालं. शेजारी रंगाचे डबे होते, त्यांच्यावरची अक्षरं लावत लावत जेवढं जमलं तेवढं. 'लहान मुलांपासून दूर ठेवा' हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. ते माझ्याबद्दलच लिहिलंय असं मी बरीच वर्षं समजत होतो आणि त्यामुळे जरा ताठ्यातच वागत होतो.

मला घेऊन गेला हल्फदान. तेव्हा तो मासे धरायचा आणि बोटीला कॉड माशांचा वास यायचा. त्याने हीटर मागे बसवला, झोपायची खोली पुढे, आणि मधे मासे ठेवायची कोठी. त्या कोठीतून त्याने मला सरळ पुढे नेलं आणि पलंगाच्या पायथ्याशी माझं तोंड काढलं. काम झाल्यावर तो लांब उभा राहून म्हणाला, "झकास!" हल्फदानने स्वतः केलेलं प्रत्येक काम झकास असतं. ते बिघडतं ते हवामानामुळे.

पुढे त्यांच्या बेटावर जाणारी फेरी बंद झाली. दुकान गेलं, टपाल गेलं, शेवटी शेजारी गेले. तेव्हा हल्फदान आणि त्याची बायको बोर्गिल्ड घराला कुलूप लावून, गावाच्या धक्क्याला बांधलेल्या तैस्तावरच राहायला आली. कोठीत माशांच्या जागी बटाटे आले. आणि माझ्या आयुष्यात बोर्गिल्ड आली.

खरं सांगू? मला चेष्टेची खोड आहे. माझ्या तोंडावरची जाळी जरा सैल होती, तिच्यातून मी शीळ घालायचो. पत्ते खेळताना बरोबर एक्का उडवायचो. एकदा पाद्रीबुवा भेटायला आले, वॅफलवर पिठीसाखर भुरभुरलेली होती. मी एकच फुंकर मारली आणि त्यांचा काळा कोट पांढऱ्या कोकरासारखा झाला. बोर्गिल्ड ओले मोजे वाळायला माझ्या तोंडावर लटकवायची, त्यातला एखादा मी चक्क गिळायचो. तीन मोजे अजून माझ्या पोटात आहेत. हल्फदानला वाटतं, ते त्याने समुद्रात पाडले.

हल्फदान मला वस्तू समजायचा. बोर्गिल्ड मला उत्तर द्यायची. मी शीळ घातली की विणकामातून मान वर न करता म्हणायची, "ऐकतेय रे, थेरड्या. तुझं झालं की मला सांग." अशी बाई मिळायला नशीब लागतं. हल्फदानला मिळाली, आणि त्याला ते माहीत नव्हतं. किंवा असेल माहीत. इकडचे पुरुष असल्या गोष्टी सांगत नाहीत. फार तर म्हणतात, "कॉफी बरी झालीय."

आता मुद्द्यावर येतो, कारण मुद्दा चेष्टेचा नाही.

मला अंगावर काहीच नव्हतं. उघडा पाइप, आणि मधे ती थंडगार कोठी. हीटर मला कढत हवा द्यायचा, कोठी पार करेपर्यंत तिच्यातला अर्धा जीव निघून जायचा. पुढच्या खोलीत पोचायची ती कोमट. हल्फदानला थंडी वाजत नाही. तो दगड आहे. बोर्गिल्डला वाजायची. ती अंगावर एक शाल, तिच्यावर दुसरी, असं करत राहिली. डिसेंबरात तिला खोकला झाला. खोकल्याचा ताप झाला, तापाचा न्यूमोनिया. एके दिवशी तिला रुग्णवाहिकेतून नेलं.

महिनाभर खोलीत कुणी मला उत्तर दिलं नाही. मीही शीळ घातली नाही. कुणासाठी घालू?

जानेवारीत नगरपालिकेची नर्स आली. तिचं नाव रानवाइग. ही हल्फदानच्या जुन्या खलाशाची मुलगी. लहानपणी याच बोटीवर तिला समुद्र लागून ती ओकली होती, म्हणून मोठेपणी ती कुणाचं ऐकत नाही. तिने पुढच्या खोलीत थर्मामीटर टांगला आणि पाहिलं. चौदा.

"हल्फदान, बोर्गिल्डला शुक्रवारी सोडतायत. तिची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. ती झोपणार तिथे वीस अंश पाहिजेत. एकोणीस नाही चालणार."

"आणि नसले तर?"

"टेकडीवर वृद्धाश्रमात खोली रिकामी आहे. शुक्रवारी हो म्हणायचं, नाहीतर ती दुसऱ्याला जाते."

"मग आम्ही दोघं..."

"खोली एकीची आहे, हल्फदान."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बावन्न वर्षांचा संसार, आणि त्याचा निकाल सहा अंशांवर. मी त्या दिवशी पहिल्यांदा लाजलो.

शेजारच्या बोटीवरचा ओडवार टोमणे मारायला आला होता, तो कोठीत उतरला आणि तिथूनच ओरडला, "अरे हल्फदान! तुझ्या बटाट्यांना कोंब फुटलेत! जानेवारीत! तू बायकोला नाही, बटाट्यांना शेकतोयस, गाढवा!"

खरं होतं. कोंब वीतभर लांब झाले होते. माझ्या अंगची ऊब घेऊन बटाट्यांना वसंत आला होता आणि पलीकडे बाई खोकून आजारी पडली होती.

"याला गुंडाळ काहीतरी," ओडवार म्हणाला. "जाड. आणि हीटरच्या तोंडाशी दोन वीत मोकळं सोड, नाहीतर उगाच आग लावशील. धुराच्या नळीच्या तर वाटेलाही जाऊ नकोस."

दुकानात पाइपावर गुंडाळायचं चंदेरी अस्तर मागवलं. दुकानदार म्हणाला, वादळ आहे, माल सोमवारी. आणि नर्स शुक्रवारी दुपारी बारा वाजता.

गुरुवारभर हल्फदान बोटीत येरझाऱ्या घालत होता. गोणपाट पाहिलं, ओलं. जुनी जाळी पाहिली, भोकंच भोकं. मग त्याने पलंगाखालची पेटी ओढली. तिच्यात स्वेटर होते. बोर्गिल्डने त्याच्यासाठी विणलेले. जाड लोकरीचे, अकरा. अंग वेगळं विणायचं, बाह्या वेगळ्या नळीसारख्या गोल विणायच्या, आणि मग जोडायच्या, अशी तिची रीत.

त्याने एक बाही उचलून तिच्यात हात घातला. मग माझ्याकडे पाहिलं. बाहीकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे.

मला कळलं. मी म्हणालो, नको रे बाबा, ती तुला मारील.

पण त्याने बोर्गिल्डची कात्री घेतली आणि खांद्याचे टाके उसवायला बसला. मासे साफ करणारे ते हात, पण एक टाका इकडचा तिकडे होऊ दिला नाही. बावीस बाह्या निघाल्या. पलंगावर मांडून ठेवल्या तेव्हा वाटलं, अकरा माणसं हात वर करून शरण आली आहेत.

शुक्रवारी सकाळी त्याने माझं तोंड खोलीच्या भिंतीपासून सोडवलं आणि एकेक बाही माझ्यावर चढवली. सहा मीटर मी, बाह्यांचे दोन थर. काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला कपडे घातले. ही निळी बाही, त्याला बोटीचा परवाना मिळाला त्या साली विणलेली. ही करडी उजवी बाही, तिच्या जोडीच्या डावीपेक्षा चार बोटं लांब, कारण त्या हिवाळ्यात ती त्याच्यावर रुसली होती आणि तरी विणत होती. सगळ्यांत शेवटची तांबडी. तिची मनगटाची पट्टी बरोबर माझ्या तोंडाशी आली.

आणि इथे घोटाळा झाला.

हीटरला एक कान आहे. बोरासारखं एक बटण, बारीक वायरच्या टोकाला. ते पलंगाच्या उशाशी खिळ्यावर टांगलेलं असायचं. खोली गार आहे की गरम ते ऐकायचं आणि वायरमधून मागे हीटरला सांगायचं. गार म्हटलं की हीटर गर्जायचा, गरम म्हटलं की गप्प पडायचा. ती वायर माझ्याच अंगाला चिकटवलेली होती. बाह्या चढवताना ती माझ्याबरोबर लोकरीखाली गेली. बटण तेवढं शेवटी बाहेर लोंबत राहिलं.

आता दुसरा कुणी असता तर त्याने ते परत खिळ्यावर टांगलं असतं. पण हल्फदान पडला समुद्रावरचा माणूस. दोरीचं टोक सुटं लोंबताना दिसलं की यांना चैन पडत नाही. सुट्या टोकाने माणसाचा पाय जातो, पाण्यातला पंखा अडकतो, बोट बुडते. लहानपणापासून थपडा खाऊन शिकलेले असतात. त्याचं डोकं बायकोत होतं, हात आपले सवयीने चालले होते. त्या हातांनी ते बटण उचललं आणि तांबड्या बाहीच्या मनगटात, माझ्या अंगाला लागून, नीट खोचून टाकलं.

"झकास!" तो म्हणाला.

मी ओरडलो. पण माझं ओरडणं म्हणजे शीळ, आणि जाळी त्याने आताच घट्ट बसवली होती.

नऊ वाजता त्याने हीटर चालू केला. पहिली झळ आली ती अशी कढत, की मीच दचकलो. इतकी वर्षं कोठीत सांडलेली ऊब आता थेट पुढे! थर्मामीटर चौदावर होता. पंधरा झाला. सोळा. सतरा. हल्फदान समोर बसून एखाद्या पोराची परीक्षा असल्यासारखा बघत होता. साडेसतरा झाले आणि तो हसला.

त्याच वेळी बटणाला माझी धग लागली. बटण म्हणालं, "बाप रे, किती गरम! साठ अंश!" आणि मागे बसलेला तो मूर्ख हीटर म्हणाला, "असं का? मग मी झोपतो."

गर्जना उतरली. नुसती घुरघुर राहिली.

दहा वाजता सतरा. हल्फदान उठला, टाकीत डिझेल पाहिलं, भरलेली. साडेदहाला साडेसोळा. हवा आत येते ती वाट तपासली, मोकळी. हीटरवर चमच्याने दोन टोले घातले. हीटर घुरघुरतच राहिला. त्याच्या मते खोलीत उन्हाळा होता.

मी माझ्या परीने धडपडत होतो. खडखडलो. आकसलो. जेवढी हवा होती तेवढी घेऊन जाळीवर आपटलो. पोटातला एक मोजा सरकवून तोंडाशी आणायचा प्रयत्न केला, की निदान तो बघायला तरी जवळ येईल. हल्फदानने थकलेल्या आवाजात म्हटलं, "आज नको रे. आज चेष्टा नको." असं तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला, आणि तेही उलटं! इतकी वर्षं ज्याने एक्के उडवले त्याचं खरं कोण ऐकणार? चेष्टेखोर म्हाताऱ्यांनो, हे लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

साडेअकराला सोळा. हल्फदानने थर्मामीटरचं टोक मुठीत धरलं. वीस झाले. सोडलं. परत उतरले. मग त्याने तोंड धुतलं, चांगला शर्ट घातला आणि बिनबाह्यांचा एक स्वेटर त्यावर चढवला. कॉफी ठेवली.

बाराला धक्क्यावर गाडी थांबली. इंजिन चालू ठेवून रानवाइग एकटीच खाली आली. मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेली बोर्गिल्ड होती. गाडीचं तोंड टेकडीकडे होतं.

रानवाइगने थर्मामीटर पाहिला. मग हल्फदानकडे पाहिलं. "याच्यावर बोटांचे ठसे आहेत."

"पुसायचं राहिलं."

"सोळा अंश आहेत, हल्फदान."

"सकाळी साडेसतरा होते. चढत होतं. मग काय झालं कोण जाणे. संध्याकाळपर्यंत..."

"संध्याकाळी तिला कुठे ठेवू? गाडीत?" तिचा आवाज मऊ होता, आणि तो मऊ होता म्हणूनच भीती वाटली. "मला आवडतं का हे? माझ्या बाबांना याच खोलीत झोप लागायची. पण तिला इथे पुन्हा ताप भरला तर ती परत येणार नाही. टेकडीवरून तरी तुम्ही तिला रोज भेटाल."

"कॉफी तरी घे," हल्फदान म्हणाला.

आमच्याकडे कॉफीला नाही म्हणत नाहीत, अगदी वाईट बातमी आणणाराही नाही. ती मागे पायऱ्यांपाशी येऊन बसली. त्याने ओतली. दोघांच्याही कपातून वाफ निघत होती, इतका बोटीत गारठा. तिने पिशवीतून कागद काढला आणि पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात वर डेकच्या फळ्यांवर काठी वाजली.

"कुणी उचलून नेणार आहे का मला, की मी गाडीतच म्हातारी होऊ?"

"बोर्गिल्ड! तुम्हाला गाडीतून उतरू नका म्हटलं होतं!"

"म्हटलं होतंस. ऐकलं होतं. झालं." ती पायऱ्या एकेक करून उतरली, मधे थांबून दम घेतला आणि पहिली नजर नवऱ्यावर गेली. "हल्फदान. तुझ्या बाह्या कुठे आहेत?"

त्याने मान खाली घातली. मग कोठीच्या दाराकडे त्याने बोट दाखवलं.

ती कोठीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. निळी, करडी, हिरवी, सगळी लांबच लांब ओळ. मी श्वास धरला. म्हणजे हीटरने धरलाच होता, मी साथ दिली.

"माझे अकरा हिवाळे कापलेस?"

"उसवले. कापले नाहीत. टाक्यावर टाका उसवला," तो म्हणाला. "तू घरी यावीस म्हणून."

ती माझ्या बाजूबाजूने, बाह्यांवरून हात फिरवत, एकेक पाऊल पुढे आली. करड्या बाहीपाशी थांबली, ती चार बोटं मोजली आणि तोंडातल्या तोंडात हसली. पुढच्या खोलीत आली, मागोमाग ती दोघं. पलंगावर टेकली. तिचा हात माझ्या तोंडाशी तांबड्या मनगटावर आला.

मी होती नव्हती ती सगळी हवा भरून पोट फुगवलं.

"हे काय?" बोर्गिल्डचा हात थांबला. "या पट्टीत गाठ कसली?"

"गाठ?"

"बोट लाव इथे. गाठ आहे. मी आयुष्यात मनगटाच्या पट्टीत गाठ ठेवलेली नाही. माझ्या आईने हात मोडला असता." आणि तिने दोन बोटं आत घालून ते बटण बाहेर ओढलं. वायरला लोंबत, कढत, निर्लज्ज. "हल्फदान, हा हीटरचा कान माझ्या बाहीत काय करतोय?"

हल्फदानने बटणाकडे पाहिलं. खिळ्याकडे पाहिलं. मग आपल्याच हातांकडे पाहिलं. "टोक सुटं होतं," तो म्हणाला. "म्हणून खोचलं."

रानवाइगने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलायला लागले.

बटण खिळ्यावर गेलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बटणाला थंडी वाजली आणि मागून गर्जना उठली. अशी, की ओडवार आपल्या बोटीतून बाहेर येऊन बघायला लागला. मी जो सुटलो! सोळा, सतरा, साडेसतरा. रानवाइग पेन हातात धरून बसली होती. "मला एक वाजता पुढच्या घरी जायचंय," ती म्हणाली. "हा कप संपेपर्यंत बघते." हल्फदानने तिचा कप काठोकाठ भरला. अठरा. तिने घोट घेतला, त्याने परत भरला. एकोणीस. तपकिरी चीजचा तुकडा पुढे सरकवला. साडेएकोणीस, आणि तिथेच अडकलं.

एक मिनिट. दोन. बोर्गिल्ड खोकली, आणि सगळ्यांचे डोळे तिच्याकडे गेले.

"दार कुणी उघडं टाकलंय कोठीचं?" ती म्हणाली. "बटाट्यांना अजून उन्हाळा पाहिजे का?"

हल्फदान धावला. दार लागलं.

वीस.

रानवाइगने अजून पाच मिनिटं वाट पाहिली, कारण ती रानवाइग आहे. एकवीस झाल्यावर तिने कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "उद्या येईन. परवा येईन. रोज येईन. आणि तुम्ही त्या थर्मामीटरला हात लावायचा नाही." मग गाडी टेकडीकडे न जाता मागे वळून गेली.

आता सगळ्या किनाऱ्यावर हल्फदान बिनबाह्यांचा म्हणून ओळखला जातो. अकरा स्वेटर आहेत, हात एकातही जात नाहीत असं लोक म्हणतात. जातात खरे, पण खांद्यापुढे गारठतात. ओडवार रोज विचारतो, "पाइपाला आज कोणता रंग?" सोमवारी ते चंदेरी अस्तर आलं. हल्फदान ते घेऊन कोठीत आला तेव्हा मी खडखडलो. मी एवढंच विनवलं, की बाबा रे, हे कपडे काढू नकोस. मी म्हातारा झालोय, पोटात तीन मोजे आहेत, कागद जागोजागी फाटलाय. मला भंगारात टाकायचं असेल तेव्हा टाक, पण बाह्यांसकट टाक.

माझं हल्फदानने ऐकलं नाही. त्याला ऐकू येत नाही. बोर्गिल्ड पलंगावरून म्हणाली, "राहू देत त्या. ते चंदेरी तू गुंडाळून घे."

ती आता नवीन बाह्या विणतेय, पहिलीच अजून सुईवर आहे. खोकला गेला. माझी जाळी पुन्हा सैल झालीय, म्हणून काल दुपारी मी तिच्याकडे बघून एक लांबलचक, झोकदार शीळ घातली. तिला कळतं मी काय म्हणतो ते. मी म्हटलं, बाई, कबूल कर, तुला घरी मीच आणलं.

बोर्गिल्डने टाका पुरा केला. मान वर न करता म्हणाली,

"आणलं म्हणे! बावीस बाह्या घालून बसलायस, थेरड्या, आणि हात एकसुद्धा नाही."